खाडीत माझा नंबर पहिला

८ सप्टेंबर १९८९, शुक्रवार. संध्याकाळ

आणि वर मलाच म्हणते, बाजूला हो!

सलग तिसरा शुक्रवार. अगोदर मी आलेलो, अगोदर मी बसलेलो, आणि ही मनुबाई मागून होडी घेऊन येते आणि सगळ्यांदेखत ओरडते, ए ट्यूबवाल्या, सरक रं तिकरं, मना जालं लावाचा हाय. मी शांतपणे म्हणालो, मावशी, नंबरानं घ्या. म्हणाली, कनचा नंबर? मी म्हणालो, पाण्याचा. तिचा मुलगा गुणाजी होडीच्या टोकाला उभा होता, तो एवढा हसला की हातातलं वल्हं सुटलं. ते मीच पकडून दिलं. थँक्यू नाही, काही नाही.

आमच्या गावाला, फलटणच्या पुढं, बोअरिंगवर अर्धं गाव पाण्याला उभं असतं. पण एकदा हंडा रांगेत ठेवला की नंबर लागला. बाई घरी जाऊन भाकरी थापून येते, तोवर हंड्याला कुणी बोट लावत नाही. ह्याला म्हणतात शिस्त. आणि इथं डोंबिवलीच्या खाडीत एवढं अफाट पाणी, तरी म्हातारीला माझीच जागा पाहिजे.

जागा म्हणजे पाण्यात रोवलेला एक लाकडी खुंट. त्याला मी ट्यूब बांधतो. मोकळा होता. कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं.

ट्यूब ट्रकची आहे. पंक्चरवाल्या मारुतीकडून घेतली, पाच ठिगळं आहेत पण मजबूत. मध्ये फळी बांधलीय बसायला. वल्हं परवडत नाही म्हणून दोन्ही हातांत चपला घालतो आणि पाणी मारतो. आमच्या खोलीतला मधु म्हणतो, लांबून बघितलं तर कोणीतरी खाडीत भाकऱ्या थापतंय असं वाटतं. जळतो.

घरी लिहिलंय, बोट घेतली. ट्यूब हा बोटीचाच प्रकार आहे.

आज मासा: नाही. गळ दोनदा जड लागला. दोन्ही वेळा चप्पल. दोन्ही डाव्या.

९ सप्टेंबर, जेवणाच्या सुट्टीत

सासऱ्यांचं पत्र आलं. दामाजीमामा चार ओळींच्या वर लिहीत नाहीत पण चारही टोचतात. जावईबापू, लग्नाला दीड वर्ष झालं. लेक आमच्याच दारात. दिवाळीच्या पाडव्याला मालनला घेऊन येतोय. खोली असली तर ठेवीन, नसली तर त्याच गाडीनं परत आणीन, मग तुम्ही बोलवायचं नाही आणि आम्ही पाठवायचं नाही.

खाली मालनने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय. ती सातवी पास, मी चौथी, म्हणून तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं. खोली बारीक असली तरी चालेल. मोरी नसली तरी चालेल. पाण्यात जपून.

गावी भावजयीशी तिचं पटलं नाही म्हणून ती माहेरी. इथं आम्ही एका खोलीत नऊजण, पाळीपाळीनं झोपतो. तिथं तिला आणणार कुठं? ठाकुर्लीला आवडाबाईच्या चाळीत एक खोली आहे. डिपॉझिट दोन हजार. दसऱ्यापर्यंत थांबते म्हणाली. माझ्याकडे निम्म्याच्या थोडं वर जमलेत. कंपनीत मी ठेकेदाराचा माणूस, बोनस मिळत नाही. म्हणून हा मासळीचा धंदा. शुक्रवारी कंपनी बंद, खाडी चालू.

आमचा सुपरवायझर म्हणालाय, जिताडा आणशील तर मागशील तेवढे देईन. जिताडा म्हणजे ह्या खाडीतला राजा मासा. अजून बघितला नाही, पण ओळखीन.

निश्चय: दसऱ्याच्या आत दोन हजार. पाडव्याला मामांना खोलीच्या दारात उभं करायचं आणि म्हणायचं, या, चहा घ्या. बस्स, एवढंच म्हणायचं.

११ सप्टेंबर

मासे मिळाले नाहीत ते एका अर्थी बरंच झालं. अजून घरोघरी गणपती आहेत. कोण खाणार?

१५ सप्टेंबर, शुक्रवार. पौर्णिमा

ह्या खाडीचं काहीतरी लफडं आहे. सकाळी पाणी ठाण्याकडे चाललेलं. मी बघत बघत डुलकी घेतली. डोळे उघडले तर तेच पाणी कल्याणकडे! जेवायच्या वेळेला काठाला लागलं, चिखल गायब. दुपारी परत ठाण्याकडे, आणि असं सुसाट की चपलांनी कितीही मारलं तरी मी जागच्या जागी. हाताला गोळे आले.

विचार केला तेव्हा लक्षात आलं. आमच्याकडे कालव्याला पाणी सोडतात तसंच. वर कुठंतरी धरण आहे, तिथून पाळीनं सोडत असणार आणि मधेच बंद करत असणार. उलटं कसं येतं ते अजून नीट बसलं नाही, पण असेल काहीतरी इंजिनियरिंग.

मनुबाईला विचारलं, मावशी, पाण्याचं पाळीपत्रक कुठं लागतं? तिनं बोट वर केलं. म्हणाली, त्ये बग वर. मी वर बघितलं. भर दुपार. काही नव्हतं. एक घार होती.

मदत करायची नसली की लोक असं बोलतात.

इथल्या मच्छीवाल्यांची मला कीव येते. जाणाऱ्या प्रत्येक होडीला मी आपुलकीनं मोठ्यानं विचारतो, काय गावलं का? प्रत्येकजण तोंड फिरवतो आणि म्हणतो, काय नाय. आज सात-आठ जणांना विचारलं, सगळ्यांचं काय नाय. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहतात आणि ही अवस्था! म्हणजे मार्केट सगळं माझ्यासाठी मोकळं पडलंय. मामांना तसं कळवलं.

विशेष: संध्याकाळी निघताना मनुबाई होडीतून म्हणाली, काय गावलं नाय ना तुला? पिशवी धर. आणि चांगले पसाभर मासे माझ्या पिशवीत टाकले. बोय म्हणतात त्यांना. मी लगेच समजलो. माझ्या खुंटाला जाळं बांधते, त्याचं भाडं. लेट का होईना, अक्कल आली.

१६ सप्टेंबर

बोय सुपरवायझरला विकले. आजपासून पितृपक्ष, पण तो मानत नाही. देव त्याचं भलं करो. कुठं मिळाले विचारलं. मी म्हणालो, मारले. भाड्याचे म्हटलं असतं तर लांबड लागली असती.

महापालिकेत जाऊन पाण्याच्या उलट्यासुलट्या पाळीबद्दल तोंडी तक्रार केली. शिपाई म्हणाला, कळवतो.

२१ सप्टेंबर, गुरुवार. कंपनी सुटल्यावर

डोकं चाललं. हंडा ठेवून नंबर लावतात, तर खाडीत का नाही? रंगाचा रिकामा डबा घेतला, त्यावर खिळ्यानं 'महिपत' कोरलं, खाडीवर पोचलो, ट्यूबवरून जाऊन खुंटाला तारेनं बांधून आलो. आता उद्या कोणी कितीही लवकर येऊ दे.

येताना घोडबंदर रोडकडून आलेला एक ट्रक वाळू भरायला काठाला उभा होता. त्याच्या चाकाकडे बघितलं. ह्याची ट्यूब माझ्यापेक्षा मोठी असणार. पुढल्या वर्षी.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

डब्याचा धाक बघायला पाहिजे होता!

सकाळपासून एकही होडी खुंटाच्या आसपास नाही. लांबून येतात, डबा बघतात, आणि गुपचूप वळसा घालून पलीकडच्या अंगानं जातात. पलीकडं ही गर्दी. होड्या एकमेकींवर आपटताहेत, एक चिखलात रुतली, दोन म्हातारे एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करताहेत. मी इकडं मोकळ्या पाण्यात राजासारखा बसून. मधूनमधून ओरडून नियमही सांगितले. एकामागे एक चला, मागच्यानं पुढच्याला धक्का देऊ नये, दमानं घ्या. पाण्यावर कसं वागायचं हे कुणीतरी शिकवायला पाहिजेच. कोणीतरी मला ट्यूबशेठ म्हणालं. आवाजात मान होता.

पाणीही एकदम शांत. ना इकडं, ना तिकडं. तक्रारीचा परिणाम. तोंडी तक्रारीनं एवढं, तर लेखी केली असती तर?

फक्त मनुबाई मात्र थेट आली. डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या बाजूनं जाळं लावायला लागली. तरी संध्याकाळी भाडं दिलंच. थोडे मासे, दोन चिंबोऱ्या. चिंबोरीनं पिशवीतून माझं बोट धरलं ते ठाकुर्ली फाटकापर्यंत सोडलं नाही.

स्वतः मारलेला मासा: नाही. धाकामुळे मासेही लांब गेले असावेत.

२४ सप्टेंबर, रविवार

गुणाजी डबा घेऊन खोलीवर आला. डबा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, महिपतभाऊ, आमच्यात खुंटाला डबा कवा बांधतात म्हायत हाय का? मी म्हणालो, नंबर लावायला. तो म्हणाला, खाली बुडलेली होरी नाय तर लोखंड असला, जालं फाटाची भीती असली, तवा बांधतात. सगली दुनिया तिकरच्या अंगाला गेली. आमच्या काकाची होरी गालात रुतली.

मी समजावलं की हा गैरसमज त्यांचा आहे, डब्यावर माझं नाव स्पष्ट कोरलेलं होतं. तो म्हणाला, म्हनूनशान तर लोक घाबरले, वाटला कोन महिपत बुडला तिथं. मधु गादीत तोंड खुपसून हसत होता.

जाताना गुणाजी दारात थांबला. आवाज खाली करून म्हणाला, आनि एक. जाताना येताना काय गावलं, काय गावलं इचारतोस, ते नको इचारत जाऊ. पान्यावर कोन सांगत नाय. इचारला तर धंदा बसतो.

मी म्हणालो, बसायला तुमचा धंदा उठलाय कुठं? रोज तर काय नाय म्हणता.

त्यानं चपला पायात घातल्या. मग म्हणाला, खरा हाय, भाऊ. आणि गेला.

पटवून सांगितलं की माणूस ऐकतो.

२८ सप्टेंबर, गुरुवार

मालनचं पत्र. तिनं जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतलीय, इथं आणायला. विचारलंय, खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे, ऊन सकाळी येतं का संध्याकाळी.

मी अजून खोली आतून बघितलेली नाही. दोन्ही वेळेला येतं, असं लिहिलं.

आवडाबाईकडे जाऊन दसऱ्याचं पक्कं केलं. ती म्हणाली, दुसरं एक गिऱ्हाईक आहे, दसऱ्याच्या पुढं तासभरसुद्धा थांबणार नाही. मी म्हणालो, तासाची गरजच नाही.

उद्या जिताडा काढायचाच. एक मोठा मिळाला तरी सुपरवायझरकडून काम एकदम निघून जाईल. म्हणजे पैशांचं काम. गळ नवा आणला, मोठा.

संध्याकाळी गुणाजी स्टेशनजवळ भेटला. म्हणाला, उद्या अवस, मोठा उधान हाय. ट्यूब घेऊन येव नको. आला तरी खुंटाला बांधू नको, उतरती बेकार असते. मी बरं म्हटलं. मनात ओळखलं. उद्या जिताडा लागणार, म्हणून मला घरी बसवायचा डाव. धंद्यातल्या ट्रिका मला काय कळत नाहीत?

३० सप्टेंबर, शनिवार. खोलीवर, पडून

काल जे झालं ते घाईनं कोणाला सांगू नये. शांतपणे लिहितो.

मी खुंटाला ट्यूब बांधली. पाणी काठोकाठ भरलेलं, एकदम थंड डोक्याचं. मनुबाईचं जाळं खुंटाच्या खालच्या अंगाला लागलेलं. पिशवीसारखं असतं ते, तोंड उघडं आणि शेपूट लांब. पाणी आत जातं, मासळी शेपटाला जमते. तिनं लांबून हात हलवून ओरडून काहीतरी सांगितलं. मी पण हात हलवला.

मग पाणी उतरायला लागलं. उतरायला म्हणजे काय, कोणीतरी खालून बूच काढलं. दोरी ताठ झाली, ट्यूब तिरकी झाली, फळी निघाली आणि गाठ सुटली. गाठ माझी चांगली होती. दोरी खराब.

त्यानंतर मी जाळ्यात होतो. ट्यूबसकट. पाणी पाठीवर असं दाबत होतं की पाय शेपटात आणि ट्यूब छातीवर. आजूबाजूला मासळी. एक मोठा चंदेरी मासा माझ्या पोटाला धडका देत होता. तो जिताडा असावा. भेट झाली म्हणायची.

कमरेला कंपनीतला कटर होता. मी जाळं कापलं. एक घर, दोन घरं, मग उभंच फाडलं. शेपूट सुटलं ते सगळ्या मासळीसकट, जिताड्यासकट गेलं ठाण्याच्या दिशेनं. माझा पाय मात्र सुटला नाही. ट्यूब फुटली.

आणि मग जी गर्दी झाली! चहूबाजूंनी होड्या. मघापर्यंत जाळी धरून बसलेले सगळेच्या सगळे, टाकलेली जाळी तशीच सोडून आले. ठक ठक एकमेकांवर आपटताहेत, कोणाचं वल्हं कोणाच्या डोक्यात. मला श्वास घ्यायला जागा नाही. मला आठवतं, मी ओरडलो, गर्दी करू नका, एकेक या! पाणी तोंडात गेल्यामुळे शेवटचं त्यांना ऐकू गेलं नसावं. मनुबाई वरून ओरडत होती, मेल्या, हात दे, हात, नंबर कसला लावतोस! गुणाजीनं केसांना धरून वर ओढलं. केसांना धरायची काही गरज नव्हती.

होडीत पालथा घालून पाठीवर थापट्या मारल्या. प्यायलेली खाडी परत केली. कोणी शर्ट काढून दिला, कोणी विडी दिली. कोणी विचारलं नाही की काय गावलं.

मधु मला न्यायला आलेला. रस्त्यात म्हणाला, त्या लोकांची आख्खी उतरती गेली तुझ्यापायी. पंधरा दिवसांत अवस-पुनवेची हीच कमाईची वेळ असते म्हणे त्यांची.

मी म्हणालो, मी बोलावलं नव्हतं.

मधु गप्प बसला की मला आवडत नाही.

१ ऑक्टोबर

आजपासून कंपनीत सगळ्यांनी नवरात्र धरलं. कोणी टेंभी नाक्याच्या देवीला पायी जाणार, कोणी चपला सोडल्या. सुपरवायझरनं पितृपक्ष मानला नाही पण नवरात्र मानतो. मासळी बंद.

माझ्याही चपला नाहीत. लोकांना वाटतं, मी पण धरलंय. वाटू दे.

२ ऑक्टोबर

विचारांती चूक जाळ्याची आहे. रस्त्यात कोणी जाळं लावतं का? उद्या मी गटारावर खाट टाकली तर चालेल का?

३ ऑक्टोबर

शिवाय उतरत्या पाण्याची सूचना देणारा बोर्ड पाहिजे होता.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

ट्यूब नाही, तरी काठापर्यंत गेलो. शुक्रवारी पाय आपोआप वळतात. मनुबाईला शांतपणे जाळ्याची चूक समजावून सांगायची आणि पुढचं ठरवायचं, असा बेत.

ती वाळवणीच्या बांबूंखाली बसलेली. वर जाळं टांगलेलं. म्हणजे निम्मं जाळं, खाली नुसत्या दशा. ती, तिची सून हेमा आणि शेजारची दगडाबाई, तिघी लाकडी सुया घेऊन विणत होत्या. तिघींचा दोरा तीन रंगांचा. हेमा म्हणाली, तीन घरांशी मागून आनलाय, पुरेल तवरा. होडी चिखलात ओढून ठेवलेली. आठवडा झाला, पाण्यात गेलेली नाही.

माझ्याकडं बघून मनुबाई म्हणाली, आला का? ताप नाय ना आला? खारीचा पानी पोटात गेला की ताप येतो.

मी जाळ्याचं बोलणार एवढ्यात होड्या परत यायला लागल्या. एक आली, तिच्यातला म्हातारा उतरला आणि मनुबाईच्या टोपलीत मूठभर मासे टाकून गेला. दुसरी आली, त्यानंही टाकले. तिसरा तोच, ज्याची होडी माझ्या डब्यामुळे चिखलात रुतलेली. त्यानं एक मोठी चिंबोरी टाकली.

मला वाटलं, हे सगळे तिला भाडं देतायत.

मग वाटलं, कसलं भाडं? हिचं तर जाळंच नाही पाण्यात.

मी हेमाला विचारलं. ती विणता विणता म्हणाली, ज्याला काय गावलं नाय त्याला देतात. रिकामे हातानं खारीवरशी कोनी घरा जाव नाय, असा आमचेत.

म्हणजे मग मला ती जे द्यायची...

हा विचार पुढं नेला नाही. उशीर झालेला.

उठलो तर मनुबाईनं टोपलीतले दोन बोय उचलले आणि माझ्या पिशवीत टाकले. म्हणाली, तू पन रिकामाच की रं.

विकले नाहीत. मधुनं तळले. त्यानं नवरात्र धरलेलं नाही. मला घास गेला नाही. खाडीचं पाणी अजून पोटात असावं.

८ ऑक्टोबर, रविवार

हिशोब सोपा आहे. डिपॉझिट परवा द्यायचं. कमी पडतात ते मधु आणि इतर सातजणांकडून उसने घ्यायचे. सगळे तयार आहेत, मधुनं तर कालच आणून दिले. म्हणजे खोली झाली. आता कुठंही जायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, परवा सकाळी उठून सरळ आवडाबाई.

मालनला लिहिलं, गोधडी जाड शिव, इथं फरशी गार असते.

९ ऑक्टोबर, सोमवार

मी फक्त खुशाली विचारायला गेलेलो.

दोरा संपलेला. तिघी हात बांधून बसलेल्या. गुणाजी परक्याच्या वाळूच्या होडीवर हमालीला गेलेला. दिवाळीपर्यंत जाळं झालं नाही तर पुढचा सगळा हंगाम गेला, असं दगडाबाई म्हणाली. माझ्याकडं बघून नाही, खाडीकडं बघून म्हणाली. मनुबाई तिला म्हणाली, गप ना गो, पोराचा जीव वाचला, जालं काय, परत करू.

मी म्हणणार होतो की चूक जाळ्याची. तोंड उघडलं. बाहेर आलं ते असं, मावशी, नवा दोरा सगळा मिळून केवढ्याला पडतो?

तिनं सांगितलं. मग म्हणाली, तू कशाला इचारतोस, तुजे बायकोला आनाची हाय तुला. म्हणजे मधुनं गुणाजीला आणि गुणाजीनं हिला सगळं सांगितलेलं दिसतंय.

माझे स्वतःचे होते ते सगळे दिले. तिनं मोजले नाहीत, कनवटीला लावले नाहीत, हेमाच्या हातात दिले आणि म्हणाली, जा, दोरा घेऊन ये, उजेर हाय तवर. मग माझ्याकडं वळून म्हणाली, आता ती ट्यूब परत घेव नको रं बाबा. ज्यानं त्यानं आपले गावचे पान्यात पोहाचं. मी म्हणालो, आमच्या गावात पाणी नाही. ती म्हणाली, म्हनूनशान तर बोलते.

धंद्यात भांडवल घातलं, असं समजायचं. भागीदारी. जाळ्याला माझा दोरा म्हणजे अर्धं जाळं माझं. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

मधुला पैसे परत दिले. तो म्हणाला, येडा झालास काय? नंतर म्हणाला, चहा घेतोस का? बिल त्यानं दिलं.

१० ऑक्टोबर, दसरा

आवडाबाईच्या चाळीवरून गेलो. खोलीला तोरण लावलेलं होतं. आत कोणीतरी नवीन.

खिडकी मागच्या बाजूला आहे. ऊन येत नसावं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

गेलो नाही. झोपलो.

१७ ऑक्टोबर

पाडव्यापर्यंत अजून वेळ आहे. कळव्याकडे खोल्या स्वस्त आहेत असं ऐकलं. बघायला जायचं ठरवलं.

१८ ऑक्टोबर

ओव्हरटाइम.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

कळव्याला गेलो. स्वस्त नाहीत.

येताना गाडीतून खाडी बघितली. लांबवर खुंट, जाळी, होड्या. त्यातली मनुबाईची कुठली ते ओळखू आलं नाही. सगळ्या एकमेकींना चिकटून चाललेल्या आणि कोणी कोणाला आपटत नव्हतं. कसं जमवतात?

२३ ऑक्टोबर

मामांना पत्र लिहायला घेतलं. चारदा फाडलं. पहिल्यात खाडीला पूर आलेला. दुसऱ्यात कंपनीत संप. तिसऱ्यात आवडाबाई वारली. चौथ्यात मी आजारी होतो, तेवढंच थोडंफार खरं होतं.

मधु म्हणाला, एवढा कागद फुकट घालवलास त्यापेक्षा मनिऑर्डरच कर, त्याच्यावर लिहायला जागाच थोडी असते, खोटं मावत नाही.

२४ ऑक्टोबर, मंगळवार. पोस्टात, रांगेत उभा राहून

माझ्यापुढं सहाजण. एक म्हातारा मधेच घुसला. कोणी काही बोललं नाही. मी पण नाही.

नाव मालनचं घातलं, मामांचं नाही. संदेशाच्या जागी लिहिलं: खोली झाली नाही. पाडव्याला मामांनी येऊ नये. मी पाण्यात जात नाही. बांगड्या भर.

मग शाई होती म्हणून खाली अजून एक ओळ घातली: गोधडी पूर्ण कर.

कारकून म्हणाला, रक्कम अक्षरात लिहा. खानावळीचे बाजूला काढून उरले होते पन्नास, मधुनं वर एक दिला, शुभाचा म्हणून. लिहिलं. रुपये एकावन्न फक्त.